अक्षर आधी हातात उतरू द्या
(नागपूर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



जूनच्या अखेरीस आपल्या विदर्भातल्या शाळा उघडतील. त्याआधी कितीतरी घरांत तीन-चार वर्षांच्या लेकरांसाठी दप्तर, चाररेघी वही आणि पेन्सिलींची पेटी येईल. या खरेदीपूर्वी काय करायला हवं, ते सांगायला मी उभा आहे. लेखनाची सुरुवात पेन्सिलीपासून करू नका. ती रेतीत, मातीत, कणकेत करा. अक्षर आधी हातात उतरू द्या, कागदावर ते आपोआप येईल.

हाताकडे नीट पाहू. आपल्या मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेचीच असतात. पहिली दोन काही महिन्यांत घट्ट होऊ लागतात, तिसरं तिसऱ्या वर्षाच्या सुमारास. पुढची चार साधारण सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत दिसू लागतात, आणि आठवं त्यानंतरही बराच काळ मागे राहतं. मुलाच्या हाडांचं वय ठरवायचं असेल तर डॉक्टर पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढतात तो यामुळेच. हाताची ताकदही खांद्याकडून बोटांकडे उतरत येते. आधी खांदा स्थिर होतो, मग कोपर, मग मनगट, आणि सर्वांत शेवटी अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांची ती नाजूक पकड. साडेतीन वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं ते हट्टाने नाही. त्याच्या हाताला त्या वयात तेवढंच जमतं. त्याच्याकडून पानभर ‘अ’ काढून घेतला तर बोटं दुखतात, पेन्सिल चुकीची धरायची सवय लागते आणि लिहिण्याचा कंटाळा मनात बसतो.

मग या वयात हाताला काम काय द्यायचं? आपल्या घरात त्याची वाण नाही. हिवाळ्यात ओल्या तुरीच्या शेंगा सोलून सोले काढणं, संत्र्याच्या फोडीतून बिया वेगळ्या करणं, हरभरा आणि ज्वारी चिमटीने निवडणं, ओलं फडकं पिळणं, कणकेच्या गोळ्याच्या लांब वळ्या करणं, तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाला झूल बांधणं. यातलं प्रत्येक काम पेन्सिल धरणारी तीन बोटं घडवतं. आजी लेकराला शेजारी बसवून शेंगा सोलायला लावते, तेव्हा ती लेखनाचाच पाठ देत असते.

यानंतर अक्षर. रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत 6 जानेवारी 1907 रोजी मारिया मॉन्टेसरी यांनी बालगृह सुरू केलं. अक्षरं शिकवायला त्यांना लाकडी अक्षरांचे संच हवे होते, ते काही बनवून मिळेनात. म्हणून त्यांनी पॉलिश पेपरची अक्षरं कापून गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटवली. मूल दोन बोटं त्या खरखरीत रेषेवरून, लिहितो त्याच दिशेने फिरवी आणि त्याच वेळी आवाज उच्चारी. डोळा, कान, बोट तिन्ही एकाच वेळी कामाला लागत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गच्चीवर बसून खडूने धुराडं काढणारा पाच वर्षांचा मुलगा अचानक आनंदाने ओरडला की मला लिहिता येतं, आणि फरशीवर त्याने शब्द लिहिला. मॉन्टेसरींनी नोंदवलेल्या या प्रसंगातला तो पहिला शब्द होता ‘हात’. त्याला कुणी लिहायला बसवलं नव्हतं. हात तयार होता, लिहिणं आपण होऊन बाहेर पडलं.

आपल्याकडे हे अगदीच नवं नव्हतं. पंतोजीच्या शाळेत लाकडी पाटीवर धूळ पसरून मुलं त्यात अक्षरं काढायची. धूळपाटीचा मोठा गुण असा की चूक टिकून राहत नाही. हात फिरवला की पाटी कोरी. खोडरबर नको, लाल शेरा नको. त्या शाळेतली छडी आणि घोकंपट्टी मला मुळीच परत नको, पण धूळपाटी आपण उगाच टाकून दिली.

ती परत आणण्याचं काम गुजराती आणि मराठी माणसांनी केलं आहे. 1920 मध्ये गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालमंदिर काढलं. 1923 साली ताराबाई मोडक तिथे गेल्या आणि 1926 मध्ये दोघांच्या प्रयत्नांतून नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. मॉन्टेसरींची महागडी साधनं खेड्यांतल्या मुलांपर्यंत पोहोचणार नाहीत, हे ताराबाईंनी ओळखलं. 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारली मुलांसाठी शिंपले, बिया, खडे, पानं आणि माती हीच साधनं झाली. मुलं शाळेत येत नसतील तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, या विचारातून अंगणवाडी जन्मली. पुढे 2 ऑक्टोबर 1975 पासून एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ते नाव देशभर नेलं.

आणि आपल्या शेजारचं सेवाग्राम? स्वतःचं अक्षर चांगलं नसल्याची गांधीजींना आयुष्यभर खंत होती. मुलांना आधी चित्र काढायला शिकवावं आणि फूल, पक्षी पाहावेत तशी अक्षरं पाहून मग काढू द्यावीत, असं त्यांनी आत्मकथेत सुचवलं आहे. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली, आणि 1945 मध्ये तिचा विस्तार शाळेआधीच्या वयापर्यंत झाला. शांताबाई नारुळकर यांनी सेवाग्रामला पूर्वबुनियादी शिक्षणाचं काम केलं. हा वारसा आपल्यापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे.

आता देवनागरीची गोष्ट. आपण सवयीने ‘अ’पासून सुरू करतो. हाताच्या दृष्टीने ‘अ’ फार अवघड अक्षर आहे. त्याऐवजी ‘ग’ घ्या. डावीकडे छोटी उभी रेघ, तळाशी गाठ, मग उजवीकडे दंड, शेवटी वर शिरोरेषा. ती गाठ दंडाला जोडली की ‘न’ आणि ‘म’ची वाट सापडते. तीन अक्षरं हाती आली की मन, नमन, गमन, गगन असे शब्द तयार. त्याच न्यायाने व, ब, क एकत्र. ट, ठ, ढ एकत्र. वर्णमाला पाठ असावी, पण लिहायला शिकताना आकारांची कुटुंबं एकत्र घ्यावीत.

घरी करायचं कसं, तेही सांगतो. विताएवढा जाड पुठ्ठा घ्या, त्यावर पॉलिश पेपरचा ‘ग’ चिकटवा. मुलाच्या शेजारी, त्याच्याच दिशेला तोंड करून बसा. आधी तुम्ही दोन बोटं सावकाश फिरवा आणि ‘ग’ म्हणा. मग ते फिरवील. दोन-चार वेळा पुरे. नंतर एका ताटात कन्हान नदीची बारीक, चाळून धुऊन वाळवलेली रेती अर्ध्या बोटाच्या जाडीने पसरा आणि पुठ्ठा बाजूला ठेवून मुलाला तिथे ‘ग’ काढू द्या. वाकडा येईल. येऊ द्या. ताट हलवलं की पुन्हा कोरं.

बोटाला दिशा का कळायला हवी, याचं कारण आहे. डोळ्यांना उजवं-डावं फारसं महत्त्वाचं वाटत नाही. कपाचा कान कुठल्याही बाजूला असो, कप तो कपच. अक्षरांचं आणि अंकांचं तसं नाही. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून उभे असतात आणि पाच वर्षांची कितीतरी मुलं त्यांची अदलाबदल करतात. रागवून उपयोग नाही. त्या अंकावरून बोट कुठून निघालं आणि कुठे वळलं ते हाताच्या लक्षात राहिलं की गोंधळ मिटतो.

इथे एक सावधगिरी. अक्षराच्या आकारात मूगडाळ चिकटवण्याचं काम हल्ली बालवाड्यांत फार चालतं. ते सुंदर दिसतं, भिंतीवर लागतं, पालक खूश होतात. पण दाणे चिकटवताना हात लिहिण्याच्या वाटेने जात नाही. वाळल्यावर त्या अक्षरावरून योग्य क्रमाने बोट फिरवलं तरच त्या डाळीचं चीज झालं. ठिपके जोडून अक्षर गिरवण्याचीही मर्यादा आहे. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या कॅरिन जेम्स आणि त्यांच्या सहकारी लॉरा एंगेलहार्ट यांनी 2012 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी काही अक्षरं हाताने मोकळी काढली, काही गिरवली, काही कळफलकावर दाबली. मग ती अक्षरं पाहताना मेंदूचं चित्रण केलं. वाचनाशी संबंधित भाग ठळकपणे जागे झाले ते मोकळ्या हाताने काढलेल्या अक्षरांसाठी. म्हणजे मुलाचा वेडावाकडा ‘ग’ त्याच्या शिकण्याचा भाग आहे. खरखरीत अक्षर हाताला वाट दाखवतं, रेतीचं ताट हात मोकळा सोडतं. दोन्ही हवीत, आणि याच क्रमाने हवीत.

पालक विचारतात, मूल नुसतं मातीत खेळत असेल तर फी कशाची? मी त्यांना एवढंच म्हणतो, वहीची भरलेली पानं मोजू नका. त्याला स्वतःचं बटण लावता येतं का, कात्रीने सरळ रेघ कापता येते का, ऐकलेल्या शब्दाचा पहिला आवाज ओळखता येतो का, ते पाहा. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला आहे, आणि त्यासाठीच्या 2022 च्या आराखड्याने खेळाला मध्यभागी ठेवलं आहे. धोरण आपल्या बाजूने आहे. कमी पडतो तो आपला धीर.

म्हणून तुम्हाला एक विनंती. या जूनमध्ये बालवाडीत प्रवेश घेताना विचारा, तुमच्याकडे रेतीचं ताट आहे का, माती आहे का, आणि चार वर्षांच्या मुलाला लिहिण्याचा गृहपाठ देता का? पहिल्या दोन प्रश्नांना ‘नाही’ आणि तिसऱ्याला ‘हो’ असं उत्तर आलं, तर शाळेशी बोला, चार पालक मिळून बोला. तुमच्या वस्तीतल्या अंगणवाडीताईंना पॉलिश पेपरची ग, म, न ही तीन अक्षरं करून द्या. खर्च एका वहीपेक्षा जास्त होणार नाही. पेन्सिल सहाव्या वर्षीही हातात येईल. हात घडवण्याची वर्षं मात्र आत्ता चालू आहेत, ती वाया घालवू नका.