चावी हातात येण्याआधी: बेलापूरमध्ये जुनं घर घेताना

गेल्या काही दिवसांत आलेल्या व्हॉइस नोट्समध्ये एक प्रश्न फिरून फिरून येतोय: "बेलापूरला फ्लॅट फायनल झाला, टोकन दिलं, दोन महिन्यांत ताबा. आता काय काय करायचं?" सोबत मॉड्युलर किचनचे फोटोसुद्धा असतात! किचन राहू द्या थोडं बाजूला. आज फक्त टोकन आणि चावी यांच्या मधल्या दिवसांबद्दल बोलते.

एक गोष्ट आधी. शेवटचा चेक देईपर्यंत घर विकणारा तुमचा फोन पहिल्या रिंगला उचलतो. चेक वटला की तो माणूस काही वाईट होत नाही, पण त्याच्या दृष्टीने काम संपलेलं असतं. तो पुण्याला मुलीकडे जातो, गावी जातो, कधी परदेशात जातो. मग एका सहीसाठी तुम्ही तीन-तीन महिने मागे लागता. म्हणून ज्या ज्या कागदावर त्याची सही लागणार आहे, तो कागद शेवटच्या चेकच्या आधी तयार हवा. आजचं बाकीचं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवतीच आहे.

आता बेलापूरची खासियत. इथे बहुतेक जमिनीची मूळ मालक सिडको. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, तिने शहर वसवलं, पण जमीन विकून टाकली नाही. ती ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली, म्हणजे लीजवर. त्यामुळे दुय्यम निबंधकाकडे करार नोंदवला, मुद्रांक शुल्क भरलं, अंगठ्याचा ठसा आणि फोटो झाला, तरी सिडकोच्या वहीत घर जुन्याच नावावर राहू शकतं. तिथे नाव बदलायला हस्तांतरणाचा अर्ज, ठरलेलं शुल्क आणि दोघांचीही कागदपत्रं लागतात. मुंबईत किंवा पुण्यात घर घेतलेल्या तुमच्या दादाला हे ठाऊक असेलच असं नाही, त्यामुळे त्याचा सल्ला इथे अर्धाच कामाचा.

म्हणून टोकन दिल्यावर पहिली फेरी सिडको भवनची. बेलापुरातच आहे, लांब जायचं नाही. वसाहत विभागात दोन गोष्टी विचारा. त्यांच्या नोंदीत आज हे घर कुणाच्या नावावर आहे? आणि सोसायटीच्या नावे भाडेपट्टा झालेला आहे का? दुसऱ्या उत्तरावर पुढची वाट ठरते, परवानगी आधी की नोंदणी आधी तेही तिथेच कळतं. पहिल्या उत्तराने कधी कधी झोप उडते. समजा घर तीनदा विकलं गेलंय आणि सिडकोत नाव अजून पहिल्याच माणसाचं आहे. मग मधल्या दोन व्यवहारांचा हिशोब कोण निस्तरणार? आज विकणाऱ्याने निस्तरायला हवा, आणि तसं करारात लिहून घ्यायला हवं. "होऊन जाईल हो, एजंट बघतो" या वाक्यावर घर घेऊ नका.

याच कारणासाठी कागदांची साखळी पूर्ण मागा. सिडकोचं मूळ वाटपपत्र, मग पहिल्यापासून आजपर्यंतचा प्रत्येक करार. मधला एखादा हरवला असेल, तर पोलिसांत तक्रार आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस हे विकणाऱ्याचं काम. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर अनुक्रमणिका दोन मोबाईलवरसुद्धा शोधता येते. चहा पिता पिता होणारं काम आहे, आणि पहिल्या भेटीत विकणाऱ्याने जे सांगितलं ते पडताळून बघता येतं.

विकणाऱ्याचं गृहकर्ज चालू असेल तर मूळ कागद त्याच्या बँकेत असतात. फक्त झेरॉक्स बघून समाधान मानू नका. बँकेकडून दोन पत्रं मागवा: किती रक्कम बाकी आहे, आणि कुठले कुठले कागद त्यांच्या ताब्यात आहेत त्याची यादी. रिझर्व्ह बँकेचा नियम इथे उपयोगी पडतो. १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. पण हे ३० दिवस तुमच्या वेळापत्रकात धरा. भाड्याचं घर सोडायची नोटीस त्याआधी देऊन मोकळे होऊ नका.

आता सोसायटी. थकबाकी नसल्याचं पत्र, भागदाखला, पार्किंग कुणाच्या नावे आहे त्याचा लेखी पुरावा. हस्तांतरणाचा प्रीमियम म्हणून कुणी लाखाचा आकडा सांगितला तर शांतपणे विचारा, कुठल्या नियमाने? राज्य शासनाच्या २००१ च्या परिपत्रकाप्रमाणे महापालिका हद्दीत ही कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. त्यावर "स्वेच्छा देणगी" मागतात, ती स्वेच्छाच असते.

आणि हा प्रश्न कुणीच विचारत नाही: शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं? आदर्श उपविधींप्रमाणे इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि ३० च्या पुढे गेली की दर तीन वर्षांनी ते करायचं असतं. बेलापूर नवी मुंबईतल्या जुन्या वसाहतींपैकी एक, त्यामुळे इथल्या कितीतरी इमारती तिशी ओलांडून गेल्यात. अहवाल मागा, आणि गेल्या दोन वर्षांची सर्वसाधारण सभेची इतिवृत्तंही वाचा. दुरुस्तीसाठी प्रत्येक घरामागे मोठी वर्गणी मंजूर झालेली असेल, तर ती तुम्हीच भरणार.

घर बघायला एकदा धो धो पावसात जा. पारसिकच्या डोंगराला अडून इथे पाऊस कसा कोसळतो ते वेगळं सांगायला नको. नवा रंग उन्हाळ्यात सगळं झाकतो, जुलैत काही झाकता येत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंना भेटा. तुमच्या बाथरूमबद्दल त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

बैठं घर किंवा रो-हाऊस असेल तर मंजूर नकाशा हातात घेऊन घर मोजा. सेक्टर ८ मधलं आर्टिस्ट व्हिलेज चार्ल्स कोरियांनी आखलं ते मुळात घरं वाढतील हे धरूनच. शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, का, तर कुटुंबाबरोबर घर वाढवता यावं. कल्पना मला फार आवडते. पण वाढवायची मोकळीक आणि वाढवल्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी. वरची खोली नकाशात नसेल तर बँकेचा मूल्यमापक ती मोजणार नाही, आणि पैसे मात्र तुम्ही तिचेही दिलेले असतात.

मालमत्ता कराची थकबाकी नवी मुंबई महापालिकेच्या साइटवर दिसते, शून्य झाल्याची पावती घ्या आणि नावबदलाच्या अर्जावर सही घेऊन ठेवा. तसंच महावितरणचं. जुन्या मालकाची वीजथकबाकी नव्याकडून मागता येते का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मे २०२३ मध्ये निकाल आला: नियमांत तशी तरतूद असेल तर वीज कंपनी मागू शकते. म्हणजे "बिल त्याचं, मला काय" हे चालेलच असं नाही. मीटरवर जुनी सुरक्षा ठेवही असते, ती कुणाची राहणार तेही आत्ताच बोलून घ्या. पाइप गॅस असेल तर तिथेही नावबदल. आणि तुमची सिलिंडरवरची शेगडी तशीच लावू नका, तिचे जेट बदलून घ्यावे लागतात, ते काम कंपनीच्या माणसाचं.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर एक टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणजे तुमची. विकणारा परदेशी राहात असेल तर नियमच वेगळे, सीएशी बोलल्याशिवाय पैसे पाठवू नका.

उलवे, तळोजाकडे नव्या इमारतीत घेणाऱ्यांसाठी थोडक्यात: भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय ताबा नको, "फर्निचरसाठी चावी घेऊन ठेवा" म्हटलं तरी नको. ते मिळाल्यावर मात्र रेराप्रमाणे दोन महिन्यांत ताबा घ्यायचा असतो. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला आणि तुम्ही कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. ताब्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, नळ चालू करून.

जुन्या घरात चावीच्या दिवशी काम फार नसतं. घर रिकामं आहे ना, भाडेकरूचं कपाट राहिलं नाही ना, बघा. मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून विकणाऱ्याला तिथेच व्हॉट्सअॅप करा. कुलूपवाल्याला त्याच संध्याकाळी बोलावून ठेवा. आधीच्या चाव्या वॉचमनकडे, कामवाल्या मावशींकडे, कुणाकुणाकडे असतात ते विकणाऱ्यालाही आठवत नाही.

सिडकोच्या अर्जाला जोडायच्या कागदांवर पुढचा भाग करतेय. तुमचं घर कुठल्या सेक्टरमध्ये आणि इमारत किती जुनी, एवढं सांगून प्रश्न पाठवा.