रायफल मुलाच्या मापाची हवी

(नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



नेमबाजीवर बोलायला उभा राहिलेला वक्ता हमखास पोपटाच्या डोळ्यापासून सुरुवात करतो. अर्जुनाला फक्त डोळा दिसत होता, हे आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. पण धनुष्याची मूठ त्याच्या हातात कशी बसली होती, हा प्रश्न त्या कथेत कुणी विचारत नाही. आज मी त्याच विषयावर बोलणार आहे. कारण आपल्यापैकी अनेकांनी घरातली शिल्लक मोडून मुलांसाठी रायफल घेतली आहे, काहीजण घेण्याच्या विचारात आहेत, आणि त्या रायफलीचा मुलाच्या शरीराशी मेळ बसला नाही तर पैसा तर जातोच, शिवाय त्याच्या पाठीचा कणाही त्याची किंमत मोजतो.

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. एका वर्तुळापासून पुढच्या वर्तुळापर्यंतचे अंतर अडीच मिलिमीटर. आता हिशेब करा. रायफलची लांबी सुमारे एक मीटर, लक्ष्य दहा मीटरवर. म्हणजे नळीचे टोक पाव मिलिमीटर इकडेतिकडे झाले की एक पूर्ण गुण गेला! आणि अलीकडच्या स्पर्धांत गुण दशांशात मोजले जातात. हाताच्या बळावर एवढी स्थिरता कोणालाही साधत नाही. रायफल स्नायूंनी पेलायची नसते, ती हाडांच्या सांगाड्यावर टेकवायची असते. डाव्या हाताचे कोपर कमरेच्या हाडाकडे टेकलेले, त्यावर उभा हात, हातावर रायफल. स्नायू थकतात, थरथरतात. हाड थरथरत नाही. दस्ता, मूठ, रेल यांची सारी जुळवाजुळव या एका तत्त्वासाठी आहे.

पहिली गोष्ट मुठीची. मूठ लहान, मध्यम, मोठी अशा मापांत मिळते. उजव्या हाताची वेगळी, डाव्याची वेगळी. डावखुऱ्या मुलासाठी उजव्या हाताची जुनी रायफल 'स्वस्तात मिळते' म्हणून घेणारे पालक मी पाहिले आहेत. तो व्यवहार शेवटी महागच पडतो. मूठ हातात भरली पाहिजे, पण आवळावी लागता कामा नये. मुलाला डोळे मिटून मूठ धरायला सांगा. त्याच्या तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर आपोआप, सरळ रेषेत मागे खेचता येईल असा पडला पाहिजे. बोट पोहोचण्यासाठी मनगट वाकवावे लागत असेल तर मूठ दूर आहे. चापावर बोटाचा सांधा येत असेल तर ती फार जवळ आहे. चांगल्या रायफलीत मुठीचा स्क्रू सैल करून ती पुढे-मागे सरकवता येते, थोडी फिरवता आणि कलवताही येते. म्हणून आधी ती सरकवून पाहा. लाकूड घासणे हा शेवटचा उपाय, आणि तोही प्रशिक्षकाच्या देखत. घासलेले लाकूड परत येत नाही, आणि मुलाचा हात तर अजून वाढतोच आहे.

आता रेल. स्पर्धेच्या रायफलीच्या पुढच्या दस्त्याखाली इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराची, ॲल्युमिनियमची एक लांब खाच असते. तिच्यात उंचीचा ठोकळा, हँडस्टॉप, वजने सरकवून घट्ट करता येतात. चित्रपटांत आणि व्हिडिओ खेळांत दिसणारी, चारही बाजूंनी दातेरी पट्ट्या असलेली हँडगार्ड ही निराळी वस्तू आहे. त्या पट्ट्यांना पिकॅटिनी रेल म्हणतात. अमेरिकेतल्या न्यू जर्सीतील शस्त्रागाराचे ते नाव. दुर्बीण, दिवा अडकवण्यासाठी सैन्याने ती प्रमाणित केली. आपल्या मुलाला ती हवीहवीशी वाटते, हे मी समजू शकतो; पण दहा मीटरच्या स्पर्धेत तिचा शून्य उपयोग आहे.

खाचेत बसवायच्या ठोकळ्याचे महत्त्व मात्र फार मोठे. मुलाचे धड लांब आणि हात तोकडे असतील, तर कोपर कमरेवर टेकवल्यावर रायफल डोळ्यापर्यंत पोहोचत नाही. मग ते पोर काय करते? पाठ मागे झुकवते, कंबर पिळते आणि मान खाली घालते. पाच-साडेपाच किलोचे वजन घेऊन, दिवसाला शंभर-दीडशे वेळा. बारा-तेरा वर्षांच्या वाढत्या मणक्यावर तो ताण पडतो. मुलाने कंबर दुखते म्हटले की आपण म्हणतो, 'सराव वाढव, सवय होईल.' नाही हो, सराव वाढवून हे दुखणे जात नाही! हातातले अंतर ठोकळ्याने भरायचे असते. खाली किती उतरता येईल याला आंतरराष्ट्रीय नियमांची मर्यादा आहे, एअर रायफलचे एकूण वजन साडेपाच किलोच्या आत लागते, आणि स्पर्धेपूर्वी तपासणीत हे सारे मोजले जाते. उभ्या स्थितीत पट्टा वापरता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

जुळवणीचा क्रम चुकवू नका. आधी रायफलशिवाय मुलाची उभे राहण्याची ढब, मग खांद्यावरची बटप्लेट, मग गालाची टेक, मग मूठ, आणि सर्वांत शेवटी पुढची रेल. एका दिवशी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. रेलवर आकडे कोरलेले नसतील तर बारीक पट्टी चिकटवा. नंतर मुलाला नेम धरून डोळे मिटायला सांगा, दोन श्वास, डोळे उघडल्यावर रायफल लक्ष्यापासून सरकलेली असेल तर तिला हाताने ओढून आणू नये, पाय हलवावेत. स्क्रू आवळताना अंदाज नको. उत्पादकाने न्यूटन-मीटरमध्ये दिलेल्या आकड्याइतकेच टॉर्क रेंचने आवळा. आवळण्याचा जोर दरवेळी बदलला की नेमही बदलतो.

हा काटेकोरपणा कुठवर नेतो, ते पाहायचे असेल तर पॅरिसकडे पाहा. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पन्नास मीटर थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत ४५१.४ गुणांनी कांस्यपदकाचा मानकरी ठरला. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या प्रकारात आधी गुडघ्यावर, मग पालथे, मग उभे राहून नेम धरायचा असतो. स्थिती बदलताना मोजक्या मिनिटांत नेमबाज स्वतः पट्टा काढतो, हँडस्टॉप रेलवरून सरकवतो, बटप्लेट बदलतो. तिथे प्रत्येक खुणेचा आकडा तोंडपाठ असावा लागतो. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये पन्नास मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली, तीही अशाच शिस्तीतून.

जुनी रायफल घेणाऱ्यांना दोन शब्द. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार वीस ज्यूलच्या आतील आणि ४.५ मिलिमीटर व्यासाच्या एअर रायफलला परवाना लागत नाही; स्पर्धेची एअर रायफल सात-आठ ज्यूलची असते. पॉइंट टूटूची गोष्ट वेगळी, तिला परवाना हवाच. खरेदीच्या वेळी मूठ कुणी घासून ठेवली आहे का, रेलची खाच झिजली आहे का, हे मुलाच्या हाती रायफल देऊनच तपासा. आणि हवेच्या नळकांड्यावर कोरलेली तारीख वाचा. त्याची मुदत साधारणतः दहा वर्षांची असते. उलटून गेली असेल तर नव्या नळकांड्याची रक्कम किमतीतून वजा करूनच बोलणी करा.