पिंजऱ्यात एकटी बेणारेबाई

 

दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक ठरलेलंच. शाल गुंडाळून, लेकरं मांडीवर घेऊन रात्रभर नाटक बघणाऱ्या आपण बाया. म्हणून आज एका नाटकाबद्दल आणि त्यावरच्या सिनेमाबद्दल बोलते. नाव आहे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. विजय तेंडुलकरांचं हे नाटक १९६७ साली रंगमंचावर आलं. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी त्यावर मराठी सिनेमा काढला. दोन्हीत मुख्य काम एकाच बाईचं, सुलभा देशपांडे यांचं. तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी त्यांना पाहिलं असेल. ‘इंग्लिश विंग्लिश’ सिनेमात श्रीदेवीची प्रेमळ सासू होती ना, त्याच त्या.

गोष्ट अशी आहे. मुंबईची एक हौशी नाटकमंडळी एका गावात कार्यक्रम करायला येते. कार्यक्रम म्हणजे खोटंखोटं कोर्ट. लोकांना कोर्टाचं काम कसं चालतं ते समजावं म्हणून. मंडळीतला एक जण आलेला नसतो, म्हणून गावातल्या सामंत नावाच्या साध्या माणसाला उभं करायचं ठरतं. त्याला कोर्ट ठाऊक नाही. मग वेळ आहे तर सराव करू, म्हणतात. आरोपी कोण? लीला बेणारे. शाळेत शिकवणारी, लग्न न झालेली, हसतीखेळती बाई. आरोप काय? बालहत्येचा. सगळे हसतात, तीही हसते. खेळच तर आहे!

पण खेळ हळूहळू बदलतो. एकेक साक्षीदार उभा राहतो आणि बेणारेबाईच्या खऱ्या आयुष्यातल्या गोष्टी काढायला लागतो. ही कोणाशी बोलते, कोणाकडे जाते, लग्न का करत नाही. शेवटी उघड होतं की ती गरोदर आहे. मूल आहे त्याच मंडळीतल्या प्राध्यापक दामले यांचं. दामले लग्न झालेले, लेकरंबाळं असलेले. आणि त्या दिवशी हे दामलेही आलेले नसतात! त्यांना कोणी आरोपी करत नाही. पिंजऱ्यात एकटी बाई.

सुलभाताईंचं काम कुठं मोठं आहे, ते सांगते. सुरुवातीला त्या सारख्या बोलतात, गुणगुणतात, इतरांची चेष्टा करतात. मग प्रश्न टोचायला लागले की बोलणं कमी होत जातं. पुढं पुढं तर इतर सगळे बोलतात आणि त्या नुसत्या बसून असतात. आपलं लक्ष मात्र त्यांच्याच चेहऱ्याकडं. शेवटी कोर्ट तिला बोलायला दहा सेकंद देतं. तेव्हा बाकीचे सगळे जागीच थिजतात आणि बेणारेबाई आपल्या मनातलं सगळं सांगते. ते आपल्याला ऐकू येतं, पण कोर्टातल्या कोणालाच नाही. न्यायाधीश तिच्या पोटातलं मूल नष्ट करण्याची शिक्षा सुनावतो. म्हणजे ज्या गोष्टीचा आरोप, तीच गोष्ट शिक्षा म्हणून! आणि मग सगळे म्हणतात, अगं, खेळ होता, मनाला लावून घेऊ नको.

सुलभाताई स्वतः मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. २०१६ साली त्या गेल्या.

तुम्ही म्हणाल, पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट, आता दिवस बदलले. तर २०२३ साली फ्रान्समध्ये एक सिनेमा निघाला, ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’. कान इथल्या मोठ्या चित्रपट महोत्सवात त्याला सर्वात मोठं बक्षीस मिळालं. एक लेखिका, तिचा नवरा घराच्या वरच्या मजल्यावरून पडून मरतो. तिनं ढकललं का, हा प्रश्न. पण कोर्टात विचारतात काय? तुमचं नवऱ्याशी भांडण का झालं, तुमचे संबंध कोणाशी होते, तुमच्या पुस्तकात असं का लिहिलंय. देश दुसरा, भाषा दुसरी, पण मूळ प्रश्न बाजूला आणि बाई कशी आहे यावरच चर्चा.

आता आपल्या गटाकडं येऊ. समजा, एका ताईनं वीस हजारांचं कर्ज मागितलं, शिलाई मशीन घ्यायला. नवऱ्याला सोडून ती माहेरी राहते. बैठकीत काय बघायचं? तिची बचत नियमित आहे का, आधीचं कर्ज फेडलं का, धंद्याचा हिशेब बसतो का. पण त्या दिवशी ती आली नाही, आणि कोणीतरी म्हणतं, “तिचं काय खरं आहे, परवा कोणाच्या गाडीवर बसून आली!” दुसरी म्हणते, “मीपण ऐकलं बाई.” झालं, कोर्ट सुरू. कर्जाचा विषय राहिला बाजूला. आणि ज्यानं तिला मारून घराबाहेर काढलं, त्याचं नावही कोणी घेत नाही.

यात नुसतं मन दुखत नाही, मैत्रिणींनो. कर्ज नाही मिळालं तर मशीन नाही, मशीन नाही तर लेकराची फी नाही. मग ती सावकाराकडं जाते नाहीतर मार खायला परत जाते.

म्हणून बैठकीत तीन गोष्टी ठरवून टाका. जी हजर नाही, तिच्या खाजगी गोष्टी काढायच्या नाहीत. कर्जाच्या वेळी फक्त नोंदवहीतलं बोलायचं, आणि नामंजूर केलं तर कारण ठरावात लिहायचं. “कोणाच्या गाडीवर बसते” हे ठरावात लिहिता येत नाही, तर ते कारण नाही. आणि जिच्याबद्दल निर्णय आहे, तिला बोलू द्यायचं, दहा सेकंद नाही, तिचं संपेपर्यंत.

खऱ्या कायद्यानंही हे शिकायला वेळ घेतला. बलात्काराच्या खटल्यात बाईची संमती ठरवताना तिचं चारित्र्य किंवा आधीचे संबंध बघायचे नाहीत, ही तरतूद २०१३ साली आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे. आणि खरोखर कोर्टात जायची वेळ आली तर घाबरू नका. १९८७ च्या कायद्यानं कोणत्याही बाईला, तिची कमाई कितीही असो, मोफत वकील मिळतो. गोंदियाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करायचा, नाहीतर १५१०० या नंबरवर फोन करायचा. घरात मारहाण होत असेल तर १८१ वर फोन करा.

हे दोन्ही नंबर गटाच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा. जिला लिहिता येत नाही, तिला पाठ करून द्या. पुढच्या बैठकीत तिन्ही नियम वाचून ठराव करा, आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा.

नमस्कार.