सहनिवासाची वास्तू



ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या केंद्रीय अधिनियमात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, आणि त्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असे निवासगृह टप्प्याटप्प्याने उभारण्याची तरतूद आहे. मात्र १५० हा आकडा समोर आला, की नकाशावर प्रथम उमटते ते एक लांबलचक दालन आणि त्यात खाटांच्या दोन रांगा.

असे एक निवासगृह मी अकोल्याच्या बाजूला ऐन मे महिन्यात पाहिले. वर टिनपत्रे, बाहेर ४५ अंशांचे ऊन. खाटा रिकाम्या होत्या. सारी मंडळी फाटकाजवळच्या निंबाखाली बसलेली. एका आजीबाईंना कारण विचारले, तर म्हणाल्या, "अंदर जीव घाबरते बाप्पा! अन् इथून रस्ता तरी दिसते." आराखडा मंजूर होण्यापूर्वी हा अभिप्राय कोणी घेतला असता तर!

आपल्या वऱ्हाडातील जुन्या धाब्याच्या घरांना जाड मातीच्या भिंती, ओसरी आणि आत अंगण असे. आठदहा खोल्या, मध्ये चौक, चारी बाजूंनी ओसरी, असे लहान लहान समूह केले, तर १५० माणसेही शेजाऱ्यासारखी राहू शकतात. एकांत हवा त्याला खोली, सोबत हवी त्याला ओसरी. पायऱ्यांऐवजी उतार हवा, आणि तो १ फूट उंचीस १२ फूट लांबीचा. शौचालय खोलीलगत हवे. रात्री अंधारात अंगण ओलांडताना म्हातारे माणूस पडते, हे सांगण्यास वास्तुतज्ज्ञ कशाला हवा?

१९५९ मध्ये पद्मश्रीने गौरविलेल्या डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीच्या तपोवनात कुष्ठरुग्णांना निवाऱ्यासोबत काम दिले. म्हणजे निवासगृहात केवळ निजण्याची नव्हे, हात चालविण्याचीही जागा लागते. परतवाड्याजवळच्या वझ्झरचा अनुभव याहून पुढचा. १८ वर्षे पूर्ण होताच बालगृह सोडावे लागण्याच्या नियमाविरुद्ध शंकरबाबा पापळकरांनी सातत्याने आवाज उठविला. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी सांभाळलेली बेवारस दिव्यांग मुले तेथेच प्रौढ झाली. मुलांसाठी बांधलेल्या खोलीत एखाद्याचे सारे आयुष्य जाणार असेल, तर ती खोली निराळ्या विचारानेच आखावी लागेल.

आता पंचायतीच्या अखत्यारीतील गोष्ट. तपोवन शहराबाहेर वसले, कारण त्या काळी लोकांच्या मनात रोगाचे भय होते. वृद्धांच्या बाबतीत तसे काहीच कारण नाही. तरीही ठरावात बहुधा गावाबाहेरची, कोणाच्याच उपयोगी न पडणारी जमीन सुचविली जाते. शाळेजवळ किंवा बसथांब्याजवळ जागा असेल, तर ती सुचवावी, आणि ठराव करण्यापूर्वी गावातील चार वृद्धांना ती जागा प्रत्यक्ष दाखवावी, एवढीच माझी विनंती आहे.