नोकरीच्या दारांतील मुकादम



येत्या कांहीं वर्षांत नोकरभरतीचें स्वरूप कसें पालटेल, हा आजचा विषय आहे. भविष्य वर्तविणें हें ज्योतिष्यांचें काम. त्यांत मी शिरत नाहीं. परंतु नोकरीच्या दारांत उभें राहून कोणास आंत घ्यावें व कोणास परत धाडावें हें ठरविणारा कोण, आणि तो आजवर कसकसा बदलत आला, एवढें पाहिलें तरी पुढील वळणाचा अदमास लागतो.

मलकापुरापासूनच आरंभ करूं. आंबा घाटाच्या अलीकडील हें लहानसें शहर, पूर्वीचें विशाळगड जहागिरीचें ठाणें. शाहूवाडीच्या या मुलखांत पाऊस उदंड, पण जमीन डोंगरउताराची. सबब एखादा मुलगा बाहेर पाठविल्यावांचून घर चालत नसे. तो मुंबईस गिरणींत जाई. तेथें त्याला काम मालक देत नसे. जॉबर, म्हणजे खात्यावरील मुकादम, देत असे. हा गृहस्थ आपल्या गांवचा व नात्यांतला माणूस आधीं लावी आणि लावण्याबद्दल दस्तुरी घेई. ज्याची ओळख नसेल त्यानें फाटकाबाहेर तिष्ठत राहावें. 1931 सालीं प्रसिद्ध झालेल्या व्हिटले कमिशनच्या अहवालानें भरतीचा अधिकार जॉबराकडून काढून घेण्याची शिफारस केली, व 1935 पासून मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघानें बदली कामगारांस कार्डें देण्याची पद्धत सुरू केली. मुकादम मात्र समूळ गेला असें कोणी समजूं नये. आजही आपल्या जिल्ह्यांतील साखर कारखान्यांसाठीं बीडकडील ऊसतोडणी टोळ्या मुकादमच उचल देऊन आणतो.

जॉबर लोभी खरा. तथापि तो डोळ्यांना दिसत असे. त्याचें घर ठाऊक असे. चार माणसें गोळा करून त्याला जाब विचारतां येई.

सरकारी नोकरीच्या दारांत असा एकटा मुकादम नव्हता, पण ओळखीची व जातीची अदृश्य भिंत होती. तिला कोल्हापुरांत पहिलें मोठें खिंडार पडलें तें 26 जुलै 1902 रोजीं. त्या दिवशीं प्रसिद्ध झालेल्या हुकमान्वयें शाहू महाराजांनीं संस्थानांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवल्या. ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्याच हुकमांतील दुसरें कलम मात्र सहसा कोणी आठवीत नाहीं. प्रत्येक खातेप्रमुखानें आपण केलेल्या नेमणुकांचें विवरण दर तीन महिन्यांनीं सरकारांत सादर करावें, असा दंडक त्यांत होता. माझ्या मतें हुकमाचा खरा जोर याच कलमांत आहे. नेमणारा कितीही मोठा असो, कोणास नेमलें याचा हिशेब त्यानें लिहून द्यावयाचा.

आतां आजच्या दाराकडे वळूं. 2023 सालीं महाराष्ट्रांत तलाठी पदाची भरती निघाली. जागा साडेचार हजारांच्या आसपास, आणि अर्ज दहा लाखांहून अधिक. परीक्षा संगणकावर, निरनिराळ्या दिवशीं व निरनिराळ्या सत्रांत झाली. एका सत्राची प्रश्नपत्रिका सोपी, दुसऱ्याची कठीण, म्हणून गणिती सूत्रानें गुण समान पातळीवर आणण्यांत आले. आणि जानेवारी 2024 मध्यें 200 पैकीं 214 गुण मिळालेला उमेदवार यादींत झळकला! सूत्राच्या दृष्टीनें तें अशक्य नव्हे. पण रात्रंदिवस अभ्यास केलेल्या मुलाच्या बापाला तें कोणी समजावून सांगावें? सूत्र चुकीचें होतें असें माझें म्हणणें नाहीं. तें घरोघरीं समजेल अशा भाषेंत कोणीं आधींच सांगितलें नाहीं, आणि संशयाला वाट मोकळी झाली.

खासगी नोकऱ्यांत पाऊल याच्याही पुढें पडलें आहे. अर्ज प्रथम माणूस वाचीत नाहीं, यंत्र वाचतें. यंत्र शिकतें तें पूर्वीच्या नेमणुकांवरून. म्हणजे पूर्वी ज्यांना घेतलें त्यांच्यासारखेच त्याला पसंत पडतात. अमेरिकेंतील ॲमेझॉन कंपनीनें असें एक यंत्र तयार करून पाहिलें होतें. पूर्वीचे बहुतेक अर्ज पुरुषांचे असल्यामुळें तें स्त्रियांच्या अर्जांना खालचा क्रम देऊं लागलें, व तें सोडून द्यावें लागलें, हें 2018 सालीं उघडकीस आलें. जॉबर तरी याहून निराळें काय करीत होता? आपल्यासारखा तेवढा आंत घ्यावयाचा, इतकेंच.

आणखी एक गंमत पाहा. आतां उमेदवारही आपला अर्ज यंत्राकडून लिहवून घेऊं लागला आहे. सर्वच अर्ज सारखे सुबक झाले म्हणजे मालकाला त्यांतून कांहींच कळेनासें होईल. मग तो काय करील? मला दोन वाटा दिसतात. एक, उमेदवाराला प्रत्यक्ष कामावर लावून पाहणें. राज्य सरकारनें 2024 सालीं तरुणांसाठीं सहा महिन्यांच्या कार्यप्रशिक्षणाची जी योजना काढली, तिचा रोख याच दिशेला आहे. दुसरी वाट ओळखीची. ‘तुमच्या माहितींतला कोणी आहे का?’ हा प्रश्न पुन्हा विचारला जाईल, आणि वशिला नव्या पोशाखांत परत येईल. ज्या घरांतून पहिलाच मुलगा किंवा मुलगी शिकून बाहेर पडत आहे, त्या घराला ही दुसरी वाट बंद आहे. मलकापुरांत व आसपासच्या वाड्यांवर अशीं घरें थोडीं नाहींत.

युरोपीय संघानें 2024 च्या कायद्यांत नोकरभरतीच्या यंत्रांना अधिक जोखमीच्या वर्गांत घालून त्यांवर देखरेख ठेवण्याचें ठरविलें. आपल्याला फार दूर पाहण्याचें कारण नाहीं. कोल्हापूरचा तिमाही विवरणाचा दंडक पुरेसा आहे. किती अर्ज आले, यंत्रानें किती गाळले, गाळलेल्यांत स्त्रिया किती, खेड्यांतील किती, कोणत्या वर्गाचे किती, हा तक्ता प्रत्येक मोठ्या मालकानें दर तीन महिन्यांनीं प्रसिद्ध करावा, आणि गाळलेल्या उमेदवारास कारण मराठींत लेखी द्यावें. तोंपर्यंत आपल्या मुलांनीं भरलेल्या प्रत्येक अर्जाची व आलेल्या प्रत्येक उत्तराची प्रत तारखेनिशीं घरांत जपून ठेवावी.