कलणारा ट्रक आणि पाट्यांचा भरवसा



कन्नडचा औट्रम घाट उतरून चाळीसगावकडे जाणारी वाट मराठवाड्यातल्या ट्रकचालकांना तोंडपाठ होती. २०२१च्या ऑगस्टअखेरीस तिथे दरडी कोसळल्या. पुढे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने ऑगस्ट २०२३पासून अवजड वाहनांना हा घाट बंद झाला. गाड्यांनी दुसरे रस्ते धरले, पण वळणं काही चुकली नाहीत. फाळक्यांच्या वर हातभर कापूस रचलेला जुना ट्रक वळणावर आला की बाहेरच्या अंगाला कलतोच.

यामागचं गणित साधं आहे. ५० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ४० किलोमीटरने घेतलं, तर ट्रकला बाहेर ढकलणारा जोर त्याच्या वजनाच्या पाव पट असतो. वेग ५०वर नेला की तोच जोर जवळजवळ ४० टक्क्यांवर जातो. आता चाकांमधलं अंतर १.८ मीटर आणि मालासकट गुरुत्वमध्य जमिनीपासून २ मीटरवर धरा. अशी गाडी मुळीच न कलता वळली, तरी ४५ टक्क्यांना उलटेल. प्रत्यक्षात ती कलते, गुरुत्वमध्य बाहेर सरकतो आणि उरलेली थोडी सवलतही आटते.

यावर गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो तो ‘दोन पाटे वाढवा’ असा; पाटे म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या कमानीतल्या पोलादी पट्ट्या. पाटे वाढवले की गाडी ताठ उभी दिसते, हे खरं. पण ट्रकच्या डाव्या-उजव्या पाट्यांमधलं अंतर चाकांमधल्या अंतरापेक्षा बरंच कमी असतं, आणि कलण्याला होणारा विरोध पाट्यांमधल्या अंतराच्या वर्गावर ठरतो. म्हणून कलणं थोडं आवरायला पाटे फार कडक करावे लागतात. मग रिकामी गाडी खड्ड्यात आपटते, चाक रस्ता सोडतं आणि चासीला हादरे बसतात.

कलणं आवरायला वेगळा भाग आहे: अँटी-रोल बार. कॅनडातल्या स्टीफन कोलमन यांनी १९१९मध्ये त्याचं पेटंट घेतलं. इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला हा स्प्रिंग-पोलादी दांडा. ट्रकमध्ये त्याचा मधला भाग बहुधा अ‍ॅक्सलला बांधतात आणि टोकं लिंकने चासीला जोडतात. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर तो नुसता फिरतो. एकच बाजू दबली तर पिळला जातो आणि गाडीला सावरतो. त्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो, म्हणजे २५ मिलिमीटरऐवजी ३० मिलिमीटरचा दांडा बसवला की विरोध दुप्पट होतो. मात्र जाड दांडा फक्त मागे टाकला, तर ओल्या रस्त्यावर रिकाम्या गाडीची शेपूट घसरू शकते. पुढचा-मागचा तोल पाहूनच तो निवडावा लागतो.

शॉकअब्झॉर्बर छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीच्या औरंगाबादला) नवे नाहीत. तिथल्या वाळूजची एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज दुचाकींसाठी ते बनवते. पण लांब वळणावर गाडी शेवटी किती कलणार, हे शॉकअब्झॉर्बर ठरवत नाही. ती किती झपाट्याने कलणार आणि हेलकावे किती लवकर थांबणार, एवढंच त्याच्या हाती. जुन्या ट्रकांत मागे अनेकदा तो नसतोच; पाट्यांचं एकमेकांवरचं घर्षणच ते काम करतं. म्हणून मोजक्या पाट्यांची पॅराबोलिक कमान बसवताना शॉकअब्झॉर्बर टाळला, तर गाडी जास्तच डोलते.

खर्चाआधी तपासणी हवी. गाडी रिकामी करून सपाट जागी उभी करावी आणि दोन्ही बाजूंना अ‍ॅक्सलपासून चासीपर्यंतची उंची मोजावी. फरक दिसला तर एखादा पाटा बसलेला किंवा तुटलेला असू शकतो; भेगेच्या कडेला गंजाची तांबूस रेघ उमटते. मग शॅकलपाशी, म्हणजे कमानीचं टोक चासीला जोडणाऱ्या दुव्यापाशी, पहार घालून उचकटावं. बुश झिजला असेल तर पिन खडखडते. यू-बोल्ट ढिले असतील तर अ‍ॅक्सल जागेवरून सरकतो. इतकी ढिलाई ठेवून नवा दांडा बसवला, तर त्याचा उपयोग अर्धाही होत नाही.

दुरुस्तीनंतर पाळी मालाची. जड माल खाली, हलका वर आणि दोर घट्ट, एवढ्यानेच गुरुत्वमध्य खाली येतो, तोही फुकट. पाटे वाढवून नोंदणीतली वजनमर्यादा मात्र वाढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४नुसार जादा वजनाला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये दंड आहे. शिवाय कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणाऱ्या फेरफारांना आळा घालतं. त्यामुळे मोठा बदल करण्याआधी आरटीओत विचारून घेणं मालकाच्याच फायद्याचं.