न दिसणारा उजेड

बोटाला चिमट्यासारखे लावून रक्तातला प्राणवायू मोजणारे यंत्र तुम्ही पाहिले असेलच. त्यातला तांबडा दिवा आपल्याला दिसतो. पण त्याच्या शेजारी आणखी एक दिवा लागत असतो, तो काही दिसत नाही. त्याच्या लहरी साधारण ९४० नॅनोमीटर लांबीच्या, आणि आपली नजर तर सातशेच्या आसपासच संपते. तांबड्यापलीकडे असा उजेड आहे, हे विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलक आणि उष्णतामापक घेऊन दाखवून दिले. हाच अवरक्त प्रकाश.

तो टिपायला सिलिकॉन चांगले. पण ते पडले ठिसूळ. नवजात बाळाच्या इवल्याशा तळपायाला पट्टीसारखे गुंडाळता येईल असे काही हवे असेल, तर कार्बनी रेणूंकडे वळावे लागते. शास्त्रज्ञ त्यांना सेंद्रिय म्हणतात. शेणखताशी त्यांचा संबंध नाही बरे! हे रेणू शाईसारखे विरघळवून लवचीक प्लॅस्टिकवर छापता येतात.

मग अडचण कोठे आली? अवरक्त प्रकाशात ऊर्जा थोडी. ती झेलायची, तर रेणूतली ऊर्जेची पायरी ठेंगणी करावी लागते. पण ठेंगणी पायरी उजेडावाचूनही चढता येते ना! खोलीतल्या नुसत्या उष्णतेने काही इलेक्ट्रॉन वर चढतात आणि काळोखातही थोडी वीज वाहू लागते. बाजाराच्या गलक्यात कुजबुज हरवावी, तसा बाळाच्या नाडीचा क्षीण संकेत त्या विजेत हरवतो.

यावर उपाय आहेत. एक म्हणजे विद्युताग्राशी पातळ थर देऊन बाहेरून घुसणारे विद्युत्कण दाराशीच अडवायचे. दुसरा, द्रव्य अधिक शुद्ध करायचे. कारण अशुद्धी म्हणजे इलेक्ट्रॉनांना चढायला मधल्या फळ्याच. तिसरा, प्रकाश शोषणारा थर जाड करायचा. त्याने गळती घटते, पण विद्युत्कणांची वाट लांबते. यंत्र मंदावते, आणि काही कण वाटेतच गळतात. म्हणजे एकीकडे कमावले, तर दुसरीकडे थोडे गमावले.

तेव्हा अशा नव्या शोधकाची बातमी वाचाल, तर त्याने किती उजेड पकडला एवढ्यावरच खूश होऊ नका. उजेड नसताना तो किती गप्प बसतो, तेही अवश्य विचारा.